निरंक म्हणजे शून्य नव्हे

प्रज्ञा, परवा समितीच्या बैठकीत तो शब्द पुन्हा आला आणि मी सवयीने मान वळवून मागच्या रांगेत तुला शोधलं. तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. सवय जायला वेळ लागेल. मीही तिला घाई करत नाहीये.

तू कुठे जन्मलीस, कोणत्या पदावर होतीस, कशाने गेलीस हे सगळं तुझ्या ऑफिसने फलकावर लावलं आहे. फोटोही बरा निवडलाय, त्यात तू तोंड वाकडं केलेलं नाहीस. ते मी इथे पुन्हा लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धवट राहिलं, आणि अर्धवट काम मला घरात ठेवायला आवडत नाही हे तुला माहीत आहे.

आपली ओळखच त्या शब्दावरून झाली. मी आमदारांच्या कार्यालयात काम करते. साहेब सभागृहात जे प्रश्न विचारतात ते बहुतेक माझ्याच हातचे असतात. त्या अधिवेशनात आमचा प्रश्न होता, की मुंबईच्या उपनगरांत घरी बसून कारखान्यांची कामं करणाऱ्या बायकांची संख्या किती, आणि त्यांच्या मुलांसाठी पाळणाघरांची काही सोय केली आहे काय. छापील उत्तर आलं. पहिल्या प्रश्नाला, निरंक. दुसऱ्याला, प्रश्न उद्भवत नाही.

माझी आई जोगेश्वरीला, गुंफेच्या मागच्या गल्लीत, माझ्या जन्माच्या आधीपासून काज-बटणं करत आली आहे. आता काज मशीनवर होतात म्हणून ती शिवलेल्या कपड्यांचे धागे कापते. दुपारी आमच्या गल्लीत शिरलं तर दारादारात कपड्यांचा गठ्ठा नाहीतर इमिटेशनच्या बांगड्यांची थैली पडलेली असते. लहान मुलं त्या गठ्ठ्यांवरच झोपतात. मीही झोपले आहे. आणि कागद सांगत होता की अशी बाई एकही नाही. मी कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात धरून, ऐकणारं कुणी आहे की नाही हे न बघता, तोंडाला येईल ते बोलत होते.

"अहो मॅडम, निरंक म्हणजे शून्य नव्हे."

शेजारच्या टेबलावर तू उपमा खात होतीस. गळ्यात सांख्यिकी ऑफिसचं ओळखपत्र, त्याच्या दोरीला उपम्यातली मोहरी चिकटलेली.

"मग काय आहे?"

"निर्-अंक. म्हणजे अंकच नाही. शून्य हा अंक आहे. शून्य लिहायला आधी मोजावं लागतं."

"आणि तुम्ही न मोजता निरंक लिहून देता?"

"आमच्याकडून 'मोजलेले नाही' असंच जातं. वर जाता जाता मधल्या कुठल्यातरी टेबलावर त्याचं निरंक होतं. 'मोजलेले नाही' म्हटलं की कुणीतरी विचारणार, का नाही मोजलं? निरंकला कुणी काही विचारत नाही."

एवढं बोलून तू उरलेला उपमा संपवलास. मला मात्र त्या दिवशी घरी जाईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. इतकी वर्षं मी तो शब्द वाचत होते, स्वतः लिहीत होते, आणि तो फोडून कधी बघितला नव्हता.

पुढे आपण पार्ल्याला भेटू लागलो. तू वाकोल्याची, मी जोगेश्वरीची, पार्लं दोघींना सोयीचं. स्टेशनजवळच्या उडप्याकडे तू इडली मागवायचीस आणि चटणीला नावं ठेवायचीस. तुझा नियम तू पहिल्याच दिवशी सांगून टाकलास : छापलेलं तेवढंच. जो आकडा प्रसिद्ध झाला नाही तो तू मला कधीही सांगणार नाहीस, आणि आमच्या साहेबांसाठी प्रश्नही लिहून देणार नाहीस. तू सरकारी अधिकारी, मी आमदारांची माणूस. जे काही व्हायचं ते दारातून आत यायला हवं, खिडकीतून नको.

"मग मी इडलीचे पैसे कशाला देतेय?" मी म्हटलं.

"तळटीप कशी वाचायची ते शिकतेयस म्हणून."

ते खरंच शिकले. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात जे असतं ते आमच्याकडे कुणी वाचत नाही. सभागृहात आकडा हवा असतो तो भाषणात फेकायला, मोठा किंवा लहान, ज्याला जसा सोयीचा. तू मला प्रत्येक आकड्याला तीन गोष्टी विचारायला लावल्यास : कुणाला विचारून काढला, काय विचारून काढला, आणि यात कोण सुटलं. त्या तिसऱ्या प्रश्नाने माझं कामच बदलून गेलं. पुढच्या अधिवेशनात आम्ही संख्या विचारलीच नाही. आम्ही विचारलं, ही संख्या मोजली जाते काय? उत्तर लिहिणाऱ्याला निरंक लिहायला जागाच उरली नाही.

एकदा मी म्हटलं होतं, "तुमची पाहणी म्हणजे काय गं? थोड्या घरांना विचारायचं आणि सगळ्या राज्याचं सांगायचं. हा अंदाजपंचे कारभार झाला."

"तुझे साहेब काय करतात? एकटे उभे राहतात आणि सगळ्या मतदारसंघाच्या वतीने बोलतात. ते मतांनी निवडून येतात, माझी घरं चिठ्ठीने निवडून येतात. फरक एवढाच, माझ्या घरांना पुन्हा निवडून यायचं नसतं. म्हणून ती खरं बोलतात."

"सांगू का साहेबांना?"

"सांग की. छापलेलं नाहीये, पण सांग."

मी सांगितलं. साहेब हसले, मग म्हणाले, "त्या बाईंना समितीपुढे बोलावता येईल का?"

घरबसल्या काम करणाऱ्या बायकांसाठीचं विधेयक तेव्हा समितीकडे आलेलं होतं आणि साहेब त्या समितीत होते. त्यातलं एक कलम पाळणाघरांचं होतं. आमच्या गल्लीचं जे काही व्हायचं होतं ते त्या कलमावर होतं. ते ठेवायचं की काढायचं, हे ठरणार होतं अशा बायका किती आहेत यावर. आणि संख्या होती निरंक.

रीतसर पत्र गेलं, तुम्ही आलात. खात्याचे मोठे साहेब पुढच्या टेबलाशी, तू मागे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर, मांडीवर फाइल. आकडे तयार करणाऱ्या माणसांची जागा तीच असते, हे मी इतकी वर्षं बघत आले. पुढच्याने अडखळायचं, मागच्याने चिठ्ठी सरकवायची. त्या दिवशी आमच्या साहेबांनी विचारलं, हे मोजणारं कुणी आलंय का, आणि तू उभी राहिलीस.

"आम्ही मोजलेलं नाही, सर."

सरकारच्या माणसाने एवढं सरळ वाक्य बोललेलं मी त्या खोलीत आधी कधी ऐकलं नव्हतं. तुझे मोठे साहेब समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

तू पुढे म्हणालीस, "मोजता येईल. पण कायद्यात तुम्ही कामगार कुणाला म्हणणार हे आधी आम्हाला कळायला हवं. त्यावर आमचा प्रश्न ठरेल. आणि कसं विचारल्यावर लोक काय सांगतात हे आमच्याकडून तुम्हाला कळायला हवं. त्यावर तुमची व्याख्या ठरेल. विधेयक पक्कं झाल्यावर आम्हाला बोलावलंत तर उशीर झालेला असतो."

एक सदस्य म्हणाले, "अहो बाई, घरात बायका किती राबतात ते मोजायला आकडे कशाला लागतात? आम्ही बघतोच की."

"बघता ना सर? मग संख्या सांगा."

सगळे हसले, ते सदस्यसुद्धा. तू हसली नाहीस. तुला खरंच उत्तर हवं होतं.

त्यानंतर चाचणी पाहणी ठरली आणि विचारणाऱ्या मुलींना तयार करायचं काम तुझ्याकडे आलं. सरावासाठी एखादं घर हवं, असं तू म्हणालीस, आणि मी आईचं दार उघडून दिलं. "हे मोजणीत धरायचं नाही हं, आजी, हा नुसता सराव," असं तू तिला दोनदा बजावलंस. आई म्हणाली, चालात.

त्या विचारणाऱ्या मुलींपैकी शिल्पाने सुरुवात केली. "आजी, तुम्ही काही काम करता का?"

"नाय गो बाय. मी घराकच असतंय."

हे बोलताना आईच्या हातातली कात्री चालू होती. कच, कच, कच. मांडीवर शर्ट, बाजूला शर्टांचा ढीग, अंगभर धागे. शिल्पा लिहायला लागली आणि तू तिचा हात धरलास. मला आठवतं, तू तिला रागावली नाहीस. तू आईसमोर फरशीवर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "आजी, काल सकाळी उठलात. मग?"

"मगे काय, चाय केलंय."

"मग?"

"पाणी भरलंय."

"मग?"

"मगे गठ्ठो सोडलंय."

"किती वेळ चाललं ते?"

"जेवणापर्यंत."

"मग?"

"जेवलंय. मगे परत ताच."

"मग?"

"अगो, मगे मगे काय लावलंस? दिवेलागणीपर्यंत ह्याच! माझी बोटां बघ." आईने कात्री ठेवून दोन्ही हात तुझ्यापुढे धरले. कात्रीच्या कडीने अंगठ्याला पडलेला घट्टा मी लहानपणापासून बघत होते. मला तो आईचा अंगठा वाटायचा. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा घट्टा दिसला.

मी रडणारी बाई नाही. तिथेही रडले नाही. जन्मभर जी 'घरीच असते' असं सांगत आली, तिच्याकडून एका दोन अक्षरी शब्दाने तू अख्खा दिवस बाहेर काढलास. सभागृहात मी मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. 'मग?' एवढं मोठं भाषण मी ऐकलं नाही.

आणि आता भांडण.

हे बघितल्यावर मला वाटणं साहजिकच होतं, की आमची गल्ली चाचणीत घ्यावी. मी तुला पार्ल्याला तसं सांगितलं. तू नकारार्थी मान हलवलीस.

"चिठ्ठीत आली तर येईल."

"अगं पण तुला माहीत आहे तिथे काय आहे. डोळ्यांनी बघितलंस."

"बघितलं, म्हणूनच घेता येणार नाही. तुझी गल्ली मी हाताने उचलून घेतली तर तो आकडा तुझा होईल, माझा होईल. राज्याचा होणार नाही. उद्या समितीत कुणी विचारलं की ही घरं कशी निवडली, तर काय सांगू? मैत्रीण म्हणाली म्हणून?"

"चिठ्ठीला गरीब माणूस ओळखता येत नाही, प्रज्ञा."

"ओळखता येत नाही म्हणून तर चिठ्ठी."

मी चिडले. तूही चिडलीस, इडली तशीच ठेवून उठलीस, आणि तुझ्या बाबतीत ती मोठी गोष्ट होती. काही दिवसांनी तुझा फोन आला. "चिठ्ठ्या निघाल्या. जोगेश्वरीचं काही नाही. मुलुंडचं आहे, घाटकोपरचं आहे, बोरिवलीचं आहे." मी म्हटलं, "बरं." तू म्हणालीस, "बरं म्हणजे कसलं बरं?" मी म्हटलं, "बरं म्हणजे बरं. नंतर बोलू." पुढच्या आठवड्यात तू गेलीस. आपलं बोलणं तिथे थांबलंय.

वाकोल्याच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. पांढरी साडी शोधताना कपाट उलटंपालटं केलं, मिळाली ती आईची. त्रिसरण-पंचशील झाल्यावर तुझे थोरले भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. वाशीमकडून आले होते, रात्रभराचा प्रवास करून. म्हणाले, "तुम्हीच काय त्या भांडणाऱ्या मॅडम? लय सांगायची तुमचं." मी म्हटलं, हो, मीच. मग मी त्यांना विचारलं, की ही एवढी हट्टी कशी झाली.

ते म्हणाले, "लहानपणी आमच्या गावात घरं लिहायला मास्तर यायचे. आमच्या वस्तीत येत नव्हते. पाटलाच्या ओट्यावर बसायचे आन् पाटील सांगन तसं लिहून घ्यायचे. किती घरं, किती माणसं, सगळं अंदाजानं. माय दिवसभर दार उघडं ठेवून बसायची. अंगण सारवून ठेवायची. कोणीच आलं नाही. प्रज्ञा तवा एवढीशी होती. तिनं मायला इचारलं, आपुन मोजल्या गेलो का? माय म्हणली, काय माहीत बाई."

तेवढ्यात खीर आली आणि ती आम्ही दोघांनी खाल्ली.

मोजणाऱ्याने कुठल्या दारात जायचं ते आपल्या मनाने ठरवलं की कुणाचं दार सुटतं, हे तुला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आणि हे तू मला सांगितलं नाहीस. त्या दिवशी इडली समोर असताना एवढं एकच सांगितलं असतंस, तर मी तिथल्या तिथे गप्प बसले असते. म्हणूनच सांगितलं नाहीस ना? आपल्या वस्तीचा वशिला तू आपल्या मुद्द्यालासुद्धा लावला नाहीस. मला आयुष्यात बरीच मोठी माणसं जवळून बघायला मिळाली, माझं कामच ते आहे. इतकं ताठ बसलेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. आणि ते माझ्यासमोर बसून चटणीला नावं ठेवत होतं.

तरी तुझं पूर्ण पटलं, असं मी म्हणणार नाही. माझी गल्ली सुटली ती सुटलीच. तू असतीस तर अजून भांडले असते, आणि तू ऐकून घेतलं असतंस, आणि तसूभर हलली नसतीस.

आता परवाचं सांगते.

बैठक त्याच खोलीत होती. एक बदल होता : पुढच्या टेबलाशी एक जास्तीची खुर्ची लावलेली होती आणि समोरच्या पाटीवर तुझ्या ऑफिसचं नाव होतं. कुणी लावायला सांगितलं ते मी विचारलं नाही. तुझ्या जागी शिल्पा आली होती. भिंतीकडे निघाली होती, तिला शिपायाने हाताने पुढे बसायची खूण केली.

खात्याकडून सांगण्यात आलं की पाहणी अजून पुरी व्हायची आहे, हातात संख्या नाही, तेव्हा पाळणाघरांचं कलम तूर्त वगळावं. समोरच्या तक्त्यात रकाना होता आणि रकान्यात तोच शब्द. मी मागे तुला शोधलं ते तेव्हा.

मागच्या वेळी ज्यांना तू संख्या विचारली होतीस, त्याच सदस्यांनी चष्मा वर केला. "हे निरंक म्हणजे शून्य, की मोजलेलं नाही?"

शिल्पा उभी राहिली. "मोजलेलं नाही, सर. मोजतोय."

अध्यक्ष म्हणाले, "मग तक्त्यात तसं लिहा. आणि मोजून होईपर्यंत कलम राहील."

पेनाने निरंक खोडून वर 'मोजलेले नाही' असं लिहिलं गेलं. प्रज्ञा, तुझे दोन शब्द मधल्या कुठल्याच टेबलावर न अडकता वर पोचले. कायदा अजून झालेला नाही. पाळणाघर तर लांबच. पण ते कलम आज त्या कागदावर आहे, आणि ते तुझ्यामुळे आहे.

बैठक आटोपल्यावर मी थेट आईकडे गेले. ती धागे कापत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा नाव गेला काय वर?"

"नाही गं. आपली गल्ली चिठ्ठीत आली नाही. तुझा तो नुसता सराव होता."

"मगे आमचा कोण सांगतला?"

"मुलुंडची कुणीतरी बाई सांगेल. घाटकोपरची सांगेल."

"ती सांगात मा बरोबर?"

"विचारणारी 'मग' म्हणाली तर सांगेल."

मी हे बोलतेय याचं माझं मलाच नवल वाटत होतं. मुलुंडच्या कुठल्याशा खोलीत एक बाई आहे. मी तिला ओळखत नाही, ती आम्हाला ओळखत नाही. तुझी माणसं तिच्या दारात जाऊन बसतील, ती आपला दिवस सांगेल, आणि त्या दिवसात माझ्या आईचा दिवसही सभागृहापर्यंत जाईल. याला तू नमुना म्हणायचीस. मी बराच काळ याला अंदाजपंचे म्हटलं. आता याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

आई शर्ट बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. तुझ्या जाण्याचं मी तिला एका वाक्यात सांगितलं होतं, त्यानंतर आम्ही तो विषय काढला नव्हता.

"आणि गो तू?" ती म्हणाली. "काल काय काय केलंस?"

"काल? उठले. डबे केले. ऑफिसला गेले."

"मगे?"

"बैठकीचे कागद लावले."

"मगे?"

"घरी येताना पार्ल्याला उतरले."

"कशाक?"

"उडप्याकडे बसले. इडली मागवली."

"मगे?"

मग मी तुझं सगळं सांगितलं, प्रज्ञा. आईने कात्री खाली ठेवली होती.